काटा शून्यावर

ऑक्टोबरात महाडहून पोलादपूरकडे निघालं की दोन वास एकामागून एक येतात. आधी बिरवाडीच्या बाजूने औद्योगिक वसाहतीचा, आंबूस, औषधी, नाकात बसला की घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत न जाणारा. मग पोलादपूर मागे पडतं, रस्ता डोंगराकडे वळतो आणि कापलेल्या भाताचा वास येतो. दोन्ही वास माझ्या ओळखीचे आहेत. या दोन वासांच्या मधल्या रस्त्यावर मी गेली चौदा वर्षं दर हंगामाला एकदा स्कूटर चालवतो आणि दर वर्षी तेवढाच रस्ता मला जास्त लांब वाटतो. वय झालं, असं मी बायकोला सांगतो. पन्नाशीचं वय म्हणजे काही फार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

तिथे डोंगरात, कापडे गावात महादू राहतो. त्याचं भात झोडायला मी जातो, अशी माझ्या घरची समजूत आहे. महाडात रसायनशास्त्राचे क्लास घेणारा माणूस वर्षातून एक दिवस खळ्यावर उभा राहून भाताच्या पेंढ्या आपटतो, याचं शेजाऱ्यांना कौतुकही वाटतं. महादूला डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मित्राला हात लागावा म्हणून जातो, एवढं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

ज्या हंगामात हे सगळं सुरू झालं, तोही असाच होता. परतीचा पाऊस रेंगाळलेला, दुपारी ऊन असं की डांबर मऊ व्हावं. मी एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो आणि महादू त्याच पाळीत रसायनं शिजवायच्या टाकीवर, म्हणजे रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. पहिल्या पाळीला कापड्याहून येणारी एसटी वेळेत पोचत नसे, म्हणून तो आठवडाभर बिरवाडीत माझ्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. गेटच्या आत तो मला साहेब म्हणे, गेटच्या बाहेर तू. हा बदल तो इतक्या सहज करायचा की मला कधी त्यात काही वावगं दिसलं नाही. खोलीत एक स्टोव्ह, दोन चटया आणि एक खिडकी होती. त्या खिडकीतून कारखान्याची चिमणी आणि भाताचं शेत दोन्ही दिसायचं.

आणि एक कादंबरी होती. मागच्या एका पुरात भिजलेली पुस्तकं महाडच्या रद्दीवाल्याने उन्हात वाळवून विकायला काढली होती, त्यातलं हे एक. फुगलेलं, चिखलाच्या रेषा असलेलं, पहिली सोळा पानं गेलेलं. त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. भाषांतर आहे एवढं कळत होतं. शेवटची काही पानं गाळाने एकमेकांना घट्ट चिकटली होती. मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'फार जुनी व थोर कादंबरी. वाचून परत करणे.' परत कुणाला करणार? आज मोबाईलवर चार शब्द टाकले तर तिचं नाव दोन मिनिटांत सापडेल. मी शोधलेलं नाही.

गोष्ट एका डोंगराळ गावातल्या कारकुनाची होती. त्याने कोर्टात खोटी साक्ष दिलेली असते आणि त्यात एक निरपराध माणूस फासावर जातो. कारकुनाची झोप उडते. मग तो एक धर्मच काढतो. त्याचा देव बहिरा. बहिरा असल्यामुळे त्याला काहीही सांगितलं तरी चालतं. रोज सकाळी जाऊन आपलं पाप मोठ्याने बोलायचं आणि मोकळं व्हायचं. गावाला हा देव इतका मानवतो की सगळे रांगा लावतात. डॉक्टर सांगतो, काल चुकीचं औषध दिलं. गवळी सांगतो, दुधात पाणी घातलं. सगळे हलके होऊन घरी जातात आणि डॉक्टर पुन्हा तेच औषध देतो. पहिली पाळी तीनला सुटायची. जेवून आम्ही चटईवर पडायचो, मी मोठ्याने वाचायचो आणि महादू पोट धरून हसायचा. "आपल्या पाळीत पायजे रे असला देव," तो म्हणायचा. "मॅनेजरला सांगण्यापरीस बहिऱ्याला सांगितलेला बरा."

देव मी बसवला. हे आधीच सांगून टाकतो, नंतर शब्द फिरवायला नको. भंगारात टाकलेल्या रिअ‍ॅक्टरचा दाब दाखवणारा एक जुना प्रेशर गेज पडलेला होता. पितळी, वीतभर तबकडीचा, काटा शून्यावर कायमचा अडकलेला. एका सकाळी मी तो खांबाला तारेने बांधला आणि शिफ्ट बदलताना गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की हे काटेश्वर महाराज. यांना काहीही सांगा, यांचा पारा चढत नाही. काचेवर हात ठेवायचा, काल आपलं काय चुकलं ते बोलायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "काटा शून्यावर!" बस, एवढाच धर्म. पहिल्या दिवशी मीच हात ठेवून म्हणालो, "काल मी डब्यातलं लोणचं चोरलं." सगळे ओरडले, "काटा शून्यावर!" महादूचं लोणचं होतं. तोच सगळ्यात मोठ्याने ओरडला.

आठवड्याभरात पाळीतला प्रत्येक जण येऊ लागला. बिहारहून आलेले ऑपरेटर आले, साफसफाईच्या बायका पदर सावरून आल्या. ड्रम न्यायला महाडचे हनीफभाई टेम्पो घेऊन यायचे. पंधरा वर्षं कुवेतला काढून आलेले, बोलण्यात निम्मी हिंदी. पहिल्यांदा ते लांब उभे राहून हसले. नंतर एक दिवस काचेला हात न लावता, खिशात हात घालून म्हणाले, "भाई, माझं तुमच्या देवाशी काय नाय, पन गलती तर गलती. काल रिव्हर्स घेताना भिंतीला ठोकला." आम्ही त्यांनाही शून्यावर आणलं. त्या दिवसांत कारखान्यात मी जेवढं मोकळं हसणं ऐकलं तेवढं पुन्हा कधी ऐकलं नाही. आता तेच आठवून दमायला होतं.

कारण एक वहीही होती. पाळी बदलताना शिफ्ट केमिस्टने लिहायची वही. काय गळतंय, काय तापतंय, कुणी काय सांगितलं. वहीत लिहिलं की मॅनेजर विचारायचा, मग उत्पादन थांबायचं, मग ज्याने सांगितलं त्यालाच मेमो मिळायचा. त्यामुळे सांगणारा कचरायचा आणि लिहिणारा कंटाळायचा. काटेश्वर आल्यावर सगळ्यांची सोय झाली. चूक बोलली जायची, चारचौघांत बोलली जायची, वर टाळ्या मिळायच्या. मग पुन्हा लिहायची कशाला? हे कुणी ठरवलं नाही. वहीची पानं आपोआप स्वच्छ होत गेली. मॅनेजरने महिन्याच्या मीटिंगमध्ये आमच्या पाळीचं कौतुक केलं. त्या कौतुकाला मीच उभा राहून मान झुकवली.

दसऱ्यानंतर महादू घरून आला तो हातात नव्या भाताच्या लोंब्या घेऊन. आमच्याकडे नवं धान्य आलं की लोंब्या आंब्याच्या पानाबरोबर दाराला बांधतात. महादूने त्या काटेश्वराला बांधल्या. मी हसलो. तो हसला नाही. "असू दे रे," म्हणाला, "समदे येतात हितं. गाऱ्हाणा घालतात. मंग नव्याचा मान नको का?" देवाला गाऱ्हाणं घालणं म्हणजे काय ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. गावचा गुरव उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने बोलतो आणि गाव मागून होकार देतं. माझ्या थट्टेला त्याने आपल्या गावाचं रूप दिलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा किंचित अस्वस्थ वाटलं आणि चहा पिऊन ते गेलं.

मग ते तीन दिवस. रिअ‍ॅक्टरमधून नमुना काढायचा एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजलं की तिथून थेंब यायला लागतो. पहिल्या दिवशी महादूने काचेवर हात ठेवला. "माझा चुकला. नमुन्याचा व्हॉल्व्ह आवळला, तरी थेंब येतोय." काटा शून्यावर. दुसऱ्या दिवशी, "माझा चुकला. थेंब वाढलाय. मी चिंधी बांधलीय." काटा शून्यावर. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज जरा वर गेला होता. "चिंधी जळतेय. ह्या काय बरा नाय." काटा शून्यावर, आम्ही म्हटलं, पण त्या दिवशी ओरडण्यात जोर नव्हता. मी खांबापासून दोन हातांवर उभा होतो. बगलेत वही होती, खिशाला पेन होतं. दिवाळीला चार दिवस राहिले होते. बॅच मध्येच थांबवली असती तर अख्ख्या पाळीची दिवाळीची सुट्टी गेली असती. आणि सगळ्यांनी मला दोषी धरलं असतं. मी वहीत लिहिलं, 'सर्व ठीक.'

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पॅकिंग सुटलं आणि आतलं गरम आम्ल महादूच्या डाव्या अंगावर उडालं. मी आवाज ऐकला तेव्हा प्रयोगशाळेत होतो. पळत गेलो तर दोघे जण त्याला शॉवरखाली धरून उभे होते. रुग्णवाहिकेची वाट न बघता हनीफभाईंनी टेम्पोतले ड्रम तिथेच उतरवले, मागे ओल्या चादरीवर त्याला झोपवलं आणि महाड गाठलं. दवाखान्याच्या पायरीवर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भाई, मजाक होता तवर ठीक होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तार कापून तो गेज खांबावरून उतरवला आणि टेम्पोत टाकून नेला. लोंब्या खाली पडल्या, त्या कुणीतरी झाडून काढल्या.

चौकशी झाली. एका टेबलापलीकडे तीन जण बसले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "ऑपरेटरने व्हॉल्व्हबद्दल आधी कळवलं होतं का?" मी वही उघडली. पान फिरवलं. आणि म्हणालो, "वहीत तशी नोंद नाही." या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. मी ते वाक्य आदल्या दिवशी खोलीत बसून तयार केलं होतं, उलटसुलट तपासून. अहवालात आलं की संबंधित कामगाराने गळतीची पूर्वसूचना दिली नाही, त्यामुळे अपघात त्याच्या हलगर्जीपणाने झाला. हनीफभाई बाहेरचे, त्यांना कुणी बोलावलंच नाही. पाळीतल्या बाकीच्यांना काय सांगायचं होतं? की आम्ही एका मोडक्या गेजला देव मानून त्याला रोज कळवत होतो?

त्यानंतर एका दुपारी मी कादंबरीची ती चिकटलेली पानं सुरीने सोडवली. मला वाटलं, ज्याने हा देव लिहिला त्याने शेवटी काहीतरी सुटकाही लिहिली असेल. पानं फाटली, पण वाचता आली. कारकून म्हातारा होतो. शेवटी धीर करून तो सगळ्या गावासमोर उभा राहतो आणि सांगतो की हा धर्म मी माझ्या पापापायी रचला, देव खोटा आहे, फाशी गेलेला माणूस खरा होता. लोक शांतपणे ऐकतात. त्यांना वाटतं, ही त्याची आजची कबुली. माना डोलावतात. मागचा माणूस म्हणतो, "झालं का काका? मग सरका जरा पुढे." संपली कादंबरी. मी पुस्तक मिटलं आणि महिन्याभरात नोकरी सोडली. सोडून फार मोठं काही केलं नाही, महाडात क्लास काढला.

महादूकडे दर हंगामाला जायला लागलो, ते कबूल करायलाच. पहिल्या वर्षी अंगणात शिरलो आणि पाय तिथेच थांबले. दाराशेजारच्या खुंटीवर तो पितळी गेज टांगलेला होता. महादूने हनीफभाईंकडून मागून आणला होता. वर नव्या लोंब्या, आंब्याचं पान. याला ते सगळं खरंच वाटतंय, मी मनाशी म्हटलं. डोळा गेला, हात गेला, आणि आता एवढाच देव उरलाय, तोही मी काढून घेऊ? ही सबब मला चौदा वर्षं पुरली. सबब चांगली असली की माणूस तिला दया म्हणतो.

त्याची बायको सुमन सूप घेऊन अंगणात बसलेली असायची. ती दर वर्षी चहा देताना तेच बोलायची. "भावजी, तुमी तरी सांगा यांना. तवा सायबाला एक शबूद बोलले असते तर आज हात धड असता. पन ह्ये तोंडात मूग धरून बसले." महादू पेंढ्या उचलून खळ्याकडे वळायचा. मी चहा प्यायचो. चहा नेहमी गोड असायचा. शेवटच्या घोटापर्यंत नजर कपात ठेवायची मला सवय झाली होती.

यंदा पाऊस लांबला आणि अर्धं भात शेतात आडवं झालं. जे हाती लागलं ते घाईने झोडायचं होतं. दुपारपर्यंत आम्ही खळ्यावर होतो. महादू उजव्या हाताने पेंढी धरून आपटत होता, डावा हात नुसता टेकवून. मग चहा आला आणि सुमनने सुरू केलं, "भावजी, तवा एक शबूद..." आणि मला एकदम कंटाळा आला. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द आहे. मला माझा कंटाळा आला, त्या कपाचा, त्या मान खाली घालण्याचा.

"वहिनी, तो बोलला होता," मी म्हणालो. "तीन दिवस बोलला होता. मी ऐकलं होतं. लिहिलं नाही मी." मग महादूकडे वळलो. "आणि तो देव... तो काही नाही रे, महादू. थट्टा होती. मी बनवला होता."

महादूने हातातली पेंढी खाली ठेवली. त्याचा चांगला डोळा माझ्यावर होता.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "मी हसलो नव्हतो काय तवा तुझ्यासंगती? मी काय येडा हाय?"

"मग रोज त्याला सांगायचास ते?"

"त्याला कोन सांगत व्हता? तुला सांगत व्हतो. समोर येऊन मेमो घ्यायचा जीव नव्हता म्हणून त्याच्या नावानं बोलायचो. बाजूला सायब उभा हाय, त्याच्या बगलेत वही हाय, ऐकू जाईल त्याला, लिवील तो. तिसऱ्या दिशी तर वरडून बोललो."

सुमनच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"मग गेज कशाला लावून ठेवलास इतकी वर्षं?"

"तुला दिसावा म्हणून," महादू म्हणाला. "दर साल येतोस, बगतोस, चहा पितोस नि जातोस. म्हटला, कवातरी बोलंल."

"मला कधी का नाही सांगितलंत?" सुमनने त्याला विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

"सांगितला होता गो. दवाखान्यातच सांगितला. पन तवर चौकशीचा कागद आला व्हता. कागदावर दुसराच लिवलेला. तुला कागद खरा वाटला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला, तो न मिटणारा. "माफी नको. तिचा काय करू? काटा शून्यावर म्हणू?" मग तो बायकोकडे बघून म्हणाला, "वही आन गो एक. नि पेन." मला म्हणाला, "तवा नाय लिवलास. आता लिव, साहेब."

चौदा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा साहेब म्हटलं होतं. सुमनने घरातून वही आणली, निम्मी कोरी, शाळेची. मी खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसलो. हात भाताच्या कुसाने खाजत होता. मी लिहिलं :

'पहिली पाळी. नमुन्याच्या व्हॉल्व्हमधून गळती. ऑपरेटर महादू यांनी लागोपाठ तीन दिवस तोंडी कळवले. शिफ्ट केमिस्टने ऐकले. नोंद केली नाही.'

खाली सही केली. नेहमीची गिचमीड नको म्हणून पूर्ण नाव लिहिलं. महादू म्हणाला, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. काटा शून्यावर, असं कुणी म्हणालं नाही. मला हलकं वाटलं नाही. ते बरंच झालं. हलकं वाटलं असतं तर मी स्वतःवर विश्वास ठेवला नसता.

सुमनने वही माझ्या हातातून घेतली. त्या चार ओळींवरून बोट फिरवत तिने त्या स्वतःशी पुन्हा वाचल्या, एकेक शब्द जोडत, आणि नवऱ्याच्या नावाशी बोट थांबवलं. मग तिने मान वर केली.

"ही आमच्याकडंच ऱ्हाईल ना, भावजी?"